क्यूरिस्क-3: लेस्टरमध्ये भरलेले आणि पुण्यात तपासलेले एक ऑनलाइन गणक

गेल्या वर्षी उन्हाळ्यात मी इंग्लंडमध्ये लेस्टर येथे मुलाकडे दोन महिने राहिले होते. त्या काळात त्याला त्याच्या जीपीच्या दवाखान्यातून, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरांकडून, तपासणीचे पत्र आले. इंग्लंडमध्ये 40 ते 74 या वयोगटातील, ज्यांना हृदयविकार किंवा मधुमेहासारखा आजार आधीच निदान झालेला नाही अशा नागरिकांना दर पाच वर्षांनी एनएचएस (तिथली सरकारी आरोग्यसेवा) हेल्थ चेक नावाच्या मोफत तपासणीसाठी बोलावले जाते. चिरंजीव त्रेचाळीस वर्षांचे. तपासणीहून परत आल्यावर त्याने माझ्यापुढे एक कागद ठेवला आणि म्हणाला, "आई, चार टक्के म्हणजे चांगले की वाईट?" मी पुण्यातील एका महाविद्यालयात तीस वर्षे संख्याशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे टक्केवारीचा कोणताही प्रश्न माझ्याकडेच येतो, पण 'कशाचे चार टक्के, किती काळात, कोणाच्या तुलनेत' हे कळल्याशिवाय उत्तर देण्याची मला सवय नाही. म्हणून ज्या गणकातून तो आकडा आला होता ते क्यूरिस्क-3 मी स्वतः उघडून पाहिले, आणि पुढचे काही दिवस त्यातच गेले. हे परीक्षण त्या दिवसांचे आहे.

क्यूरिस्क-3 हे एक मोफत ऑनलाइन गणक आहे. त्यासाठी खाते उघडावे लागत नाही, नाव किंवा फोन नंबर विचारला जात नाही, आणि आरोग्यविषयक संकेतस्थळांवर हल्ली जो जाहिरातींचा भडिमार सहन करावा लागतो तोही येथे नाही. एक साधे, काहीसे जुनाट दिसणारे पान आहे. त्यात वय (25 ते 84), लिंग, वांशिक गट, ब्रिटनमधला पोस्टकोड, धूम्रपान, मधुमेह, साठ वर्षांच्या आत आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला हृदयविकार झाला होता काय, मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार, हृदयाची अनियमित लय, रक्तदाबाची गोळी, अर्धशिशी, ऱ्हुमॅटॉइड संधिवात, ल्यूपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार), गंभीर मानसिक आजार आणि त्यावरील काही विशिष्ट औषधे, नियमित स्टेरॉइडच्या गोळ्या, पुरुषांच्या बाबतीत लैंगिक दुर्बलतेचे निदान, आणि शेवटी कोलेस्टेरॉलचे गुणोत्तर, वरचा रक्तदाब, उंची आणि वजन इतके भरायचे असते. आपल्याकडच्या लॅबच्या रिपोर्टमध्ये टोटल कोलेस्टेरॉल आणि एचडीएल (म्हणजे 'चांगले' कोलेस्टेरॉल) यांचे गुणोत्तर बहुधा छापलेलेच असते. आणि ते गुणोत्तर असल्यामुळे आपल्या मिलिग्रॅमचे तिकडच्या मिलिमोलमध्ये रूपांतर करण्याची कटकट राहत नाही. कागद हाताशी असतील तर पाच मिनिटांत काम होते.

एक रकाना मात्र सर्वसामान्य माणसाला अडवणारा आहे: मागच्या किमान दोन वरच्या रक्तदाबांचे प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेले आहेत त्याचे माप. मला तो रकाना पाहून जुना विद्यार्थी भेटल्यासारखा आनंद झाला, पण माझ्या सुनेला तो अजिबात झाला नाही. त्यामागची कल्पना सोपी आहे. एकाचा वरचा रक्तदाब चार वेळा 142, 136, 138 आणि 144 भरला, दुसऱ्याचा 128, 152, 136 आणि 144 भरला, तर दोघांचीही सरासरी 140 येते. परंतु पहिल्याचे प्रमाण विचलन सुमारे 3.7 आणि दुसऱ्याचे सुमारे 10.3 आहे. सरासरी तीच असली तरी हेलकावे जास्त असणाऱ्याची जोखीम थोडी अधिक असते, आणि ती या रकान्यातून मोजली जाते. दवाखान्यातल्या संगणकाला हे गणित आपोआप करता येते. घरी बसलेल्या माणसाला नाही. पानावरच चार आकडे टाकायची सोय केली असती तर काय बिघडले असते, असे वाटते. रकाना मोकळा सोडला तरी गणक चालते, एवढा दिलासा आहे.

उत्तर ज्या पद्धतीने मिळते ती मला या गणकाची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटली. पुढील दहा वर्षांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येण्याची शक्यता टक्क्यांत दिली जाते आणि त्याखाली शंभर चेहऱ्यांचे चित्र येते. तुमच्यासारख्याच शंभर माणसांचा जमाव कल्पिला तर त्यांपैकी इतक्यांना हा आजार होईल, असे ते चित्र सांगते. म्हणजे माझ्या मुलाच्या बाबतीत शंभरातले चार. त्या चारांत तो आहे की उरलेल्या शहाण्णवांत, हे गणकाला ठाऊक नाही आणि ठाऊक असल्याचा आवही ते आणत नाही. शक्यता समजावताना मी वर्गात फळ्यावर असेच ठिपके काढत असे. त्यामुळे ही मांडणी करणाऱ्यांविषयी मला आपुलकी वाटली. त्याच वयाच्या, लिंगाच्या आणि वंशाच्या निरोगी व्यक्तीची जोखीमही शेजारी दिलेली असते. चार टक्के लहान दिसतात, पण त्याच्यासारख्याच निरोगी माणसाचे दोन टक्क्यांहूनही कमी येतात हे पाहिल्यावर त्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर मिळाले. वडिलांना साठीच्या आत झालेला हृदयविकार आणि त्याचे स्वतःचे वाढलेले कोलेस्टेरॉल यांचा हा फरक होता.

त्याच पानावर 'हृदयाचे वय' नावाचा आणखी एक आकडा येतो. तुमच्याइतकी जोखीम असलेल्या निरोगी माणसाचे वय काय असते, ते म्हणजे तुमच्या हृदयाचे वय. चिरंजीवांचे हृदय पन्नाशी ओलांडून गेले होते आणि दिवसभर घरात तोच विषय. हा आकडा चुकीचा नाही, पण तो माहिती कमी आणि धक्का जास्त देतो. मी तो काढून टाकला असता.

या गणकामागे एका डॉक्टरच्या संशोधनाची जवळजवळ दोन दशके आहेत, आणि ती माहीत नसतील तर त्याचे गुणदोष नीट समजत नाहीत. जुलिया हिप्पिस्ली-कॉक्स या स्वतः जीपी. त्यांचे बरेचसे काम नॉटिंगहॅम विद्यापीठात झाले आणि 2019 साली त्या ऑक्सफर्डमध्ये गेल्या. मोठ्या इस्पितळातील हृदयरोगतज्ज्ञ ज्या रुग्णांवर संशोधन करतो ते आधीच आजारी पडून त्याच्यापर्यंत पोहोचलेले असतात. जीपीकडे मात्र सर्दी-खोकल्यापासून सगळे येतात आणि ब्रिटनमध्ये जवळजवळ प्रत्येक नागरिकाची नोंद कुठल्या ना कुठल्या जीपीकडे असते. या रोजच्या, रुक्ष नोंदींचे मोल ओळखून नॉटिंगहॅम विद्यापीठ आणि डॉक्टरांसाठी संगणकप्रणाली बनवणारी ईएमआयएस ही कंपनी यांनी क्यूरिसर्च नावाचा संचय उभा केला. त्यात रुग्णांची ओळख पुसलेल्या नोंदी असतात आणि त्यांना इस्पितळातील दाखले व मृत्यूच्या नोंदी जोडलेल्या असतात.

त्यापूर्वी ब्रिटनमधले डॉक्टर अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम या गावाच्या अभ्यासातून निघालेले समीकरण वापरत असत. तो अभ्यास 1948 साली 5,209 रहिवाशांवर सुरू झाला आणि हृदयविकाराच्या जोखमीविषयी आज आपण जे सहज बोलतो त्यातले बरेचसे तिथूनच आलेले आहे; पण ते गाव जवळजवळ संपूर्ण गोऱ्या लोकवस्तीचे होते आणि तो काळही वेगळा होता. 2007 साली क्यूरिस्कची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली तेव्हा असे दिसले की फ्रॅमिंगहॅमचे समीकरण ब्रिटिश लोकांची जोखीम 35 टक्क्यांनी फुगवून दाखवते. दुसरीकडे, वस्तीतील गरिबी त्या समीकरणात कुठेच नव्हती. क्यूरिस्कमध्ये पोस्टकोड विचारला जातो तो यासाठीच: त्या भागातील बेरोजगारी, स्वतःची मोटार नसणे, स्वतःचे घर नसणे आणि घरातील दाटी या चार गोष्टींवरून काढलेला निर्देशांक त्यातून मिळतो. हृदयाच्या आजाराचा अंदाज बांधताना घरात खोल्या किती आणि माणसे किती हे विचारात घ्यावे लागते, ही गोष्ट चाळीत वाढलेल्या मला फारशी नवी नव्हती. परंतु ती समीकरणात बसवलेली पाहून बरे वाटले.

पहिल्याच आवृत्तीत एक मोठी चूकही झाली होती, आणि संख्याशास्त्राच्या वर्गात ती आजही सांगण्यासारखी आहे. पुष्कळ रुग्णांच्या कोलेस्टेरॉलची नोंदच नव्हती. अशा मोकळ्या जागा इतर माहितीच्या आधारे अंदाजाने भरण्याची एक मान्य पद्धत आहे. ती वापरल्यावर निष्कर्ष असा निघाला की कोलेस्टेरॉलचा आणि हृदयविकाराचा जवळजवळ काही संबंधच नाही! हे वाचून इतर संशोधकांनी भुवया उंचावल्या. भरलेल्या जागांचे गणित नव्याने केले गेले, आणि अपेक्षित संबंध परत दिसू लागला. चूक उघडपणे दाखवली गेली आणि उघडपणे दुरुस्त झाली, म्हणून या गणकावरचा माझा विश्वास उलट वाढला. पुढच्याच वर्षी, 2008 मध्ये, दुसरी आवृत्ती आली आणि तिच्यात भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी असे वांशिक गट वेगवेगळे धरले गेले. 2014 साली ब्रिटनच्या नाइस या मार्गदर्शक संस्थेने जीपींना हीच दुसरी आवृत्ती वापरायला सांगितले आणि कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी सुचवण्याची मर्यादा 20 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर आणली. सध्याची तिसरी आवृत्ती 2017 सालची आहे. ती 981 दवाखान्यांतील सुमारे 79 लाख लोकांच्या नोंदींवर बेतलेली असून आणखी 328 दवाखान्यांच्या नोंदींवर पडताळलेली आहे.

याच नोंदींतून हिप्पिस्ली-कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषधांचे धोकेही तपासले. सांधेदुखीच्या काही वेदनाशामकांमुळे हृदयविकाराचा झटका येतो काय, हा अभ्यास 2005 चा; स्टॅटिनचे दुष्परिणाम किती आणि कोणते, हा 2010 चा, वीस लाख लोकांवरचा. ज्या संशोधकाचे गणक लोकांना स्टॅटिनकडे नेते त्यानेच स्टॅटिनचे तोटेही मोजावेत, हे मला विशेष वाटले. स्त्री म्हणून मी सर्वांत लक्षपूर्वक वाचला तो 2019 सालचा हार्मोनवरचा अभ्यास. रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी घ्यायच्या संप्रेरकांमुळे शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होतात, ही भीती आमच्या पिढीतल्या बायकांनी ऐकलेली असते. गुठळी झालेल्या 80,396 स्त्रियांच्या नोंदींची इतर स्त्रियांशी तुलना केल्यावर असे आढळले की तोंडाने घ्यायच्या गोळ्यांनी ही शक्यता 58 टक्क्यांनी वाढते, मात्र त्वचेवर लावायच्या पट्ट्या किंवा जेल यांनी ती वाढत नाही. औषध एकच असले तरी ते शरीरात कोणत्या वाटेने जाते याने इतका फरक पडतो, कारण गोळीतील संप्रेरक आधी यकृतातून जाते आणि रक्त गोठवणारी द्रव्ये तिथेच तयार होतात. माझ्या रजोनिवृत्तीच्या वेळी हे कोणी मला सांगितले नव्हते.

इतके असूनही खुद्द गणकात स्त्रियांच्या आयुष्यातील हार्मोनचे टप्पे जवळजवळ नाहीतच. पुरुषांसाठी एक स्वतंत्र प्रश्न आहे. रजोनिवृत्ती कितव्या वर्षी आली किंवा गरोदरपणी रक्तदाब वाढला होता काय, हे मात्र तिसरी आवृत्ती विचारत नाही. 2024 साली याच गटाने प्रसिद्ध केलेल्या क्यूआर-4 या पुढच्या समीकरणात गरोदरपणातील प्री-एक्लॅम्प्सिया (रक्तदाब वाढण्याचा गंभीर विकार) आणि बाळंतपणानंतरचे नैराश्य यांना स्थान मिळाले आहे. माझ्या पहिल्या बाळंतपणात रक्तदाब इतका चढला होता की मला दोन आठवडे इस्पितळात ठेवले होते. पण मी वापरलेल्या पानाला त्याचा पत्ता नव्हता.

गणक किती अचूक आहे, याविषयी थोडे रुक्ष पण आवश्यक. दोन व्यक्तींपैकी कोणाला आजार होईल आणि कोणाला नाही हे ओळखण्याची क्षमता मोजणारा एक निर्देशांक असतो, नाणेफेकीला 0.5 आणि बिनचूक ओळखीला 1 धरले तर क्यूरिस्क-3 चा आकडा स्त्रियांसाठी 0.88 आणि पुरुषांसाठी 0.86 आहे. हे आकडे उत्तम आहेत, परंतु त्यांनी भारावून जाऊ नये. वयाचा पल्ला 25 पासून 84 पर्यंत असला की पंचविशीतल्यापेक्षा ऐंशीतल्या माणसाला धोका जास्त, एवढे कोणीही सांगेल, आणि त्या सोप्या ओळखीचे गुणही या निर्देशांकात जमा होतात. खरी परीक्षा एकाच वयाच्या दोन माणसांत असते, आणि तिथे कुठलेही गणक इतके हुशार नसते. शिवाय दुसऱ्या आवृत्तीच्या मानाने तिसरीत इतके नवे प्रश्न घालूनही एकूण अचूकता फारशी सुधारली नाही. ज्यांना ल्यूपस आहे किंवा जे स्टेरॉइड घेतात त्यांच्यासाठी ते प्रश्न मोलाचे आहेत. बाकीच्यांसाठी आकडा जवळपास तोच राहतो.

आता महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी. 'भारतीय' हा पर्याय निवडला की इतर सर्व गोष्टी सारख्या असताना जोखीम गोऱ्या व्यक्तीपेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी जास्त येते. पण हा भारतीय कोण? तो लेस्टर, लंडन किंवा बर्मिंगहॅममध्ये राहणारा, तिथल्या जीपीकडे नोंदवलेला भारतीय आहे. हडपसर किंवा हिंगोलीत राहणाऱ्याचे पाणी, हवा, काम, औषधोपचार हे सगळे वेगळे. पोस्टकोडच्या रकान्यात आपला पिनकोड चालत नाही, तो मोकळा सोडावा लागतो. मी मुलाच्या घरचा पोस्टकोड घालून पाहिला तेव्हा माझा आकडा थोडासा बदलला. सदाशिव पेठेला या समीकरणात जागाच नाही.

धूम्रपानाच्या प्रश्नात दिवसाला दहापेक्षा कमी, एकोणीसपर्यंत आणि वीस किंवा अधिक असे सिगारेटचे हिशेब आहेत. तंबाखूचा बार, जर्दा, गुटखा, मशेरी यांचा मागमूस नाही. माझ्या मोठ्या जाऊबाई पन्नास वर्षे सकाळ-संध्याकाळ मशेरी लावतात. त्यांचा फॉर्म भरताना 'धूम्रपान करत नाही' यावर खूण करताना माझाच हात अडखळला. गणकाच्या लेखी त्या निर्व्यसनी.

वजनाचीही तीच गोष्ट. गणक उंची आणि वजनावरून बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, काढते, कमरेचा घेर विचारत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच एक छायाचित्र छापले होते. दोघांचाही बीएमआय 22.3, पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीयुक्त, असा आपल्याकडचा देह बीएमआयच्या चाळणीतून सहज निसटतो. वांशिक गटामुळे त्यातले काही भरून निघत असेल, परंतु ते साऱ्या भारतीयांना एकाच मापाने मिळते. सुटलेल्या पोटाच्या माणसालाही आणि शेतात राबणाऱ्यालाही.

त्यामुळे भारतात राहणाऱ्याने आकड्यासाठीच गणक हवे असेल तर जागतिक आरोग्य संघटनेचे 2019 सालचे तक्ते पाहावेत. ते जगाच्या 21 विभागांसाठी वेगवेगळे केलेले आहेत आणि दक्षिण आशियाचा तक्ता स्वतंत्र आहे. त्यात प्रश्न फार थोडे आहेत आणि कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट नसेल तरी चालणारा एक प्रकारही आहे, म्हणून गावातल्या आरोग्य केंद्रात ते अधिक सोयीचे. क्यूरिस्कची बारीक कारागिरी मात्र त्यांत नाही. आपल्याकडे तशी कारागिरी करायची म्हटले तर आधी नोंदी हव्यात. माझी स्वतःची गेल्या वीस वर्षांची वैद्यकीय माहिती तीन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत आणि एका बंद पडलेल्या दवाखान्याच्या फायलीत विखुरलेली आहे. केंद्र सरकारने 2021 साली आयुष्मान भारत डिजिटल मिशन सुरू केले आणि माझ्याकडे तो चौदा अंकी आरोग्य क्रमांकही आहे. अजून त्याला जोडलेला एकही रिपोर्ट नाही. आणि संगणकात नोंदी आल्या म्हणजे सगळे सुरळीत होते असेही नव्हे: 2016 साली ब्रिटनमधील एका मोठ्या दवाखाना-प्रणालीत क्यूरिस्क-2 ला चुकीची माहिती पुरवली जात असल्याचे उघड झाले आणि डॉक्टरांना रुग्णांचे आकडे पुन्हा तपासावे लागले. दोष समीकरणाचा नव्हता, त्याला जोडणाऱ्या नळीचा होता.

वापरण्यापूर्वी आणखी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. ज्यांना हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेला आहे त्यांच्यासाठी हे गणक नाही. माझ्या पतींची अँजिओप्लास्टी छप्पन्नाव्या वर्षी झाली. त्यांनी उत्साहाने सगळे रकाने भरले आणि आकडाही आला, पण त्याला काही अर्थ नव्हता. ही सूचना पानावर आहे, तरी ती ठळक नाही. दुसरे म्हणजे सगळे पान इंग्रजीत आहे आणि आजारांची नावे वैद्यकीय आहेत, त्यामुळे घरातील तरुण माणसाला शेजारी बसवून भरणे उत्तम.

माझ्यापुरते सांगायचे तर, बासष्ट वर्षे, मधुमेह, रक्तदाबाची एक गोळी आणि वरचा रक्तदाब 138 एवढ्या भांडवलावर माझे उत्तर 18 टक्के आले, आणि माझ्या वयाच्या निरोगी भारतीय स्त्रीचे त्याच्या निम्म्याहूनही कमी. रक्तदाब 128 लिहून पाहिला तर आकडा जेमतेम एका टक्क्याने उतरला. पुण्यात परतल्यावर ते पान छापून आमच्या डॉक्टरांपुढे ठेवले. त्यांनी आधी जागतिक आरोग्य संघटनेचा तक्ता उघडला, मग माझ्या गरोदरपणाची चौकशी केली, जी दोन्हींत नव्हती, आणि ती टिपण म्हणून फायलीत लिहून घेतली. त्यांनी स्टॅटिनची गोळी सुरू केली आहे. क्यूरिस्क ज्यांच्या नोंदींवर बेतले आहे त्यांतून आधीपासून स्टॅटिन घेणाऱ्यांना वगळलेले आहे, तेव्हा ते पान आता मला लागू होत नाही. मुलाचे मात्र पाच वर्षांनी पुन्हा भरायचे आहे.